शांततेसाठी अडवलेलं टपाल

ओंकार कडलगला संगमनेरात दोन प्रकारची माणसं ओळखायची. एक, ज्यांची ईमेल तो सांभाळायचा. आणि दुसरी, ज्यांना ईमेलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण 'अडलं तर कडलगकडे जा' एवढं पाठ होतं. बसस्टँडमागच्या गल्लीत बी-बियाणांच्या दुकानावरच्या माडीत त्याचं ऑफिस. खाली खताचा वास, वर मशिनची घरघर. दोन पतसंस्था, एक दूध संघ, एक शिक्षण संस्था आणि तिची सगळी कॉलेजं, एक साखर कारखाना आणि गावातले बरेच दवाखाने, एवढ्यांचं टपाल आधी ओंकारच्या मशिनवर यायचं आणि मग ज्याचं त्याला जायचं.

मधे एक चाळण होती. ती ओंकारनं स्वतः बनवली होती आणि तिचा त्याला पोटच्या पोरासारखा अभिमान होता. 'तुमचं खातं आज बंद होत आहे', 'तुम्हाला परदेशातून बक्षीस लागलं आहे' असलं लुच्चं टपाल जिथून यायचं, तो पत्ता ओंकार काळ्या यादीत टाकी. एकदा नाव यादीत गेलं, की त्या पत्त्यावरून आलेलं सगळं टपाल एका बाजूच्या कप्प्यात पडायचं. त्या कप्प्याला ओंकार 'कोंडवाडा' म्हणे. उनाड जनावर जसं कोंडवाड्यात घालतात, तसं उनाड टपाल. फरक एवढाच, की जनावराचा मालक शोधत शोधत येतो. इथं पाठवणाऱ्याला वाटायचं टपाल पोचलं, आणि घेणाऱ्याला वाटायचं कुणी पाठवलंच नाही.

या चाळणीनं एकदा एका पतसंस्थेच्या मॅनेजरला भामट्याच्या तावडीतून वाचवलं. संस्थेनं ओंकारचा सत्कार केला. शाल, नारळ आणि 'तालुक्याचा डिजिटल राखणदार' असं लिहिलेलं मोठं फ्लेक्स. त्या दिवसापासून ओंकारची मान जराशी ताठ झाली. जयमाला, त्याची बायको, म्हणाली, "उशी बदला, म्हंजे बरी होईल." ती एसटीत कंडक्टर होती, आणि तालुक्यातल्या ताठ माना तिनं खूप पाहिल्या होत्या.

सत्काराचे अध्यक्ष होते आबासाहेब नेहे. निवृत्त प्राचार्य. पांढरं धोतर, पांढरे केस, आणि सगळ्या गावाला वर्गात बसवल्यासारखं बोलणं. ओंकार त्यांचाच विद्यार्थी. सरांनी दोन महिन्यांपूर्वी 'शांतता मंच' काढला होता. त्याच्या जन्माची कथा गावात हळू आवाजात सांगितली जायची. एका लग्नात सर व्यासपीठावरून वधूवरांना चार शब्द सांगत असताना बाहेर डीजे सुरू झाला. सरांनी आवाज चढवला, डीजेनं चढवला, सरांनी आणखी चढवला, आणि ऐन 'संस्कार' या शब्दावर त्यांची कवळी उडून करवलीच्या ताटात पडली. मंचाची स्थापना पुढच्याच आठवड्यात झाली.

पण खोटं कशाला बोला, त्रास खराच होता. लग्नसराईत, जयंतीला, उत्सवाला, निवडणूक जिंकली की आणि कुणाचं पोरगं पोलीस भरतीत लागलं की, गाडीवर भिंतीएवढे स्पीकर रचून मिरवणूक निघायची. दवाखान्याच्या खिडक्या थरथरायच्या. ओंकारच्या म्हाताऱ्या वडलांच्या छातीत धडधडायचं. त्यामुळे सरांनी मंचात ये म्हटलं, तेव्हा ओंकार मनापासून गेला.

मंचानं प्रांतांना निवेदन दिलं, तहसीलदारांना दिलं, पोलिसांना दिलं. प्रत्येक वेळी निवेदन स्वीकारतानाचा फोटो फार सुरेख आला. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची सरांनी प्रथा पाडली. कुणाच्या निधनासाठी नाही, नुसत्या शांततेसाठी. तरी दर वेळी मागच्या रांगेतून कुणीतरी कुजबुजायचंच, "कोन गेलं?"

डीजे मात्र चालूच. त्यातही गोरक्ष वर्पेचा 'वादळ साउंड' तर असा, की तो शेजारच्या घुलेवाडीत लागला की संगमनेरात माणसं मोबाईल कानाला घट्ट दाबून धरत.

एका सकाळी सर धापा टाकत ओंकारच्या माडीवर आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि मशिनकडे बोट करून म्हणाले, "ओंकार, कळ तुझ्या हातात आहे आणि आपण तहसीलच्या पायऱ्या झिजवतोय."

"म्हणजे कसं, सर?"

"या डीजेवाल्यांची संघटना आहे. त्यांची वेबसाइट आहे. ते कॉलेजांना जाहिराती पाठवतात, गॅदरिंगला आमचा साउंड लावा म्हणून. त्यांना घाल तुझ्या कोंडवाड्यात."

ओंकार घुटमळला. "सर, चाळण फसवणुकीसाठी आहे. हे लोक काही फसवत नाहीत."

"फसवणूक म्हणजे काय?" सरांनी विचारलं. त्यांनी असं विचारलं की उत्तर तेच देणार, हे ओंकारला अकरावीपासून माहीत होतं. "जे माणसाच्या हिताचं नाही ते हिताचं म्हणून विकणं, ही फसवणूक. कर्कश आवाज हिताचा आहे का? नाही. तो आनंद म्हणून विकतात का? विकतात. मग?"

अकरावीतल्या सवयीनं ओंकारनं मान डोलावली. शिवाय जाहिरातीचं न मागितलेलं टपाल ते, अडवलं तर कुणाचं काय जातं? त्यानं संघटनेचं नाव यादीत टाकलं. एक बटण दाबलं आणि झालं. तहसीलच्या फेऱ्यांपुढं हे फारच सोपं, फारच गोड वाटलं. एवढा पेढ्यासारखा विजय मंचाला पहिल्यांदाच मिळाला होता.

आठवड्यानं सर पुन्हा आले. "झाडाच्या फांद्या तोडून काय उपयोग? त्या संघटनेच्या वेबसाइटला इंटरनेटवर जागा देणारा कोण आहे?"

जागा देणारी होती नाशिकची एक छोटी कंपनी. महाजन नावाचे गृहस्थ ती चालवत. ओंकारनं मंचाच्या वतीनं त्यांना कडक भाषेत लिहिलं, की साउंडवाल्यांना ताबडतोब हाकला. महाजनांचं उत्तर दुपारीच आलं. 'महोदय, आमच्या ग्राहकानं कायदा मोडला असेल तर पोलिसांचं पत्र पाठवावं, आम्ही लगेच कारवाई करू. बाकी, आवाज मोठा असणं हे ईमेलचं दूषण नाही. आपला नम्र.'

'आपला नम्र' हे ओंकारला फार लागलं. डिजिटल राखणदाराला कुणी असं नम्रपणे नाही म्हणावं? त्यानं रागाच्या भरात महाजनांचा आख्खा सर्व्हरच काळ्या यादीत घातला. त्या सर्व्हरवर ज्यांची ज्यांची घरं होती, ती सगळी एका फटक्यात कोंडवाड्यात.

संध्याकाळी जेवताना त्यानं हे जयमालाला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती राजूरची फेरी करून आली होती आणि भाकरी मोडत ऐकत होती.

"त्या सर्व्हरवर आनखी कोन कोन हाय?"

"असतील दोन-तीनशे. शाळा, दुकानं, कुणी कुणी."

"त्यांनी काय केलं?"

"त्यांनी काही केलं नाही. पण त्यांना त्रास झाला की ते महाजनांवर दबाव आणतील. मग महाजन त्या डीजेवाल्यांना काढतील. जगभर असंच करतात."

जयमालानं पाण्याचा घोट घेतला. "माझ्या गाडीत एखादा पिऊन चढला, तर मी त्याला एकट्याला उतरवते. आख्खी गाडी घाटात सोडून देत न्हाई. दबाव यावा म्हनून तर न्हाईच न्हाई."

"तुझी गाडी वेगळी आणि चळवळ वेगळी."

"व्हय. गाडी पोचती," जयमाला म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

दबाव काही आला नाही. येणार कसा? ज्यांचं टपाल अडलं होतं त्यांना ते अडल्याचं कळतच नव्हतं. कोंडवाड्याला दार होतं, पण हंबरणं ऐकू येत नव्हतं. ही साधी गोष्ट ना सरांच्या लक्षात आली ना ओंकारच्या. दबाव येत नाही म्हणजे औषध कमी पडतंय, असा दोघांनी अर्थ काढला आणि डोस वाढवला. डीजेवाल्यांचं फर्निचर बनवणारा सुतार यादीत गेला. मिरवणुकीचे फोटो छापणारं साप्ताहिक गेलं. मग ओंकारनं सरांना न विचारता स्वतःच्या मनानं काही नावं घातली. वळणावर उगाच हॉर्न वाजवणारा एक ट्रॅव्हल्सवाला. सत्काराच्या बातमीत ओंकारचं आडनाव चुकवणारा एक वार्ताहर. सगळ्या संस्थांना रोज एक कविता पाठवणारे एक निवृत्त शाखा अभियंता. कविता बंद झाल्या त्याबद्दल मात्र एकाही संस्थेनं विचारणा केली नाही.

माणूस एकदा न्याय करायला बसला की त्याला उठवत नाही. ओंकारला आता सकाळी चहाच्या आधी यादी उघडायची सवय लागली होती.

फेब्रुवारीत शिक्षण संस्थेची निवडणूक लागली. आबासाहेब सरांनी 'शांतता पॅनेल' उभं केलं. संस्थेचे सगळे मतदार सभासद ओंकारच्याच मशिनवर टपाल घेत. समोरच्या पॅनेलनं आपला जाहीरनामा मेलनं पाठवायचं ठरवलं, तशी सरांची चक्कर माडीवर झाली.

"त्यांच्या पॅनेलप्रमुखाच्या पोराच्या लग्नात गोरक्षचा डीजे होता. मी स्वतः ऐकलाय. सारं गाव साक्षीला आहे."

"पण सर, ही निवडणूक आहे."

"ही निवडणूक नाही, ओंकार. हा आवाज विरुद्ध शांतता असा लढा आहे. आणि निकाल लागेपर्यंतच. मग सोड."

या वेळी मात्र ओंकारचं बोट बटणावर अडलं. भामटा कोण आणि उमेदवार कोण हे त्याला चांगलं कळत होतं. पण सरांच्या पॅनेलच्या पत्रकावर 'तंत्रज्ञान सल्लागार' म्हणून त्याचं नाव फोटोसह छापून आलं होतं, आणि फोटो बरा आला होता. त्यानं बटण दाबलं. दाबताना त्यानं दुसरीकडे पाहिलं, इतकंच.

निवडणुकीच्या तोंडावर मंचानं कानांच्या मोफत शस्त्रक्रियांचं शिबिर ठेवलं. गावातले कानाचे डॉक्टर तुषार दिघे हे मंचाचे उपाध्यक्ष. त्यांच्याच दवाखान्यासमोर मांडव पडला. 'कान वाचवा, शांतता जपा.' नावनोंदणी मेलवर, ठरल्या तारखेच्या आत.

शिबिराच्या दिवशी दुपारी ओंकार जेवणाचा डबा उघडून बसला होता. एक बाई जिना चढून आल्या. चाळिशीच्या, काटक, खांद्याला कापडी पिशवी. बरोबर दहाएक वर्षांची एक मुलगी. तिनं एका कानावर ओढणी धरली होती.

"कडलग तुमीच का? दिघे डॉक्टरच्या मानसानं धाडलंय. म्हनला, मेलचं ते बघत्यात."

"मीच. बसा ताई."

बाई बसल्या नाहीत. त्यांचं नाव सविता साळवे. पाथर्डी तालुक्यात त्या वसतिगृह चालवत. आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहणाऱ्या पोरांना त्या सांभाळत. ही रेश्मा त्यातलीच. हिचा कान वर्षभर फुटून वाहत होता.

"शिबिराचं कळलं त्याच दिवशी मी मेल केला. हिचं नाव, कागद, तपासनी, समदं. मंग आनखी दोनदा केला. आज पहाटंच्या गाडीनं आलो, तर तितं म्हनत्यात नाव आलंच न्हाई. एकदा न्हाई आलं म्हनलं तर मानलं असतं. तीनदा न्हाई?"

"काकू!" रेश्मा मधेच केवढ्यानं तरी ओरडली. "भूक लागलीय!"

"तिला ऐकू येत न्हाई म्हनून ती मोठ्यानं बोलती," सविताताई म्हणाल्या. "आमचा गोंगाट असा हाय."

ओंकारनं डबा रेश्मापुढं सरकवला आणि मशिनकडे वळला. शोधायची खरं तर गरज नव्हती. ताईंनी वसतिगृहाचा मेलचा पत्ता सांगितला आणि त्याच्या शेपटीला महाजनांच्या कंपनीचं नाव आलं, तेव्हाच त्याला कळलं होतं. तरी त्यानं कोंडवाडा उघडला. तिन्ही पत्रं तिथं होती. एकाखाली एक, वेळेत आलेली, नीट लिहिलेली.

"ताई, तुमचं टपाल आलंय. पण ते… अडवलेलं आहे."

"कुनी?"

"म्हणजे तुमची जी कंपनी आहे ना, नाशिकची, महाजनांची…"

"महाजन सायबांनी आमाला फुकट दिलंय ते. देवमानूस हाय. पोरांना दिवाळीला वह्या धाडत्यात."

"त्यांच्याकडे डीजेवाल्यांची वेबसाइट आहे. म्हणून आम्ही त्यांचा सगळा सर्व्हर बंद केला. ध्वनिप्रदूषणाच्या विरोधात."

सविताताईंनी त्याचा चेहरा निरखून पाहिला. माणूस चेष्टा करतोय की काय, हे त्या चाचपत असाव्यात.

"आमचा काय संबंद त्या डीजेशी?"

"काही नाही. पण चळवळीत थोडी झळ निरपराधांनाही बसते. त्यातून दबाव तयार होतो." हे वाक्य सरांचं होतं. सरांच्या तोंडी ते बरं वाटायचं. इथं, पोळी खाणाऱ्या पोरीसमोर, ते फारच किडकं वाटलं.

"आमच्या आज्याला गावानं वाळीत टाकलं हुतं," सविताताई म्हणाल्या. आवाज अजिबात चढवला नाही. "धर्म बदलला म्हनून. पानी बंद, किराना बंद, दळन बंद. पन त्याला निदान कळत तरी हुतं, की बंद हाय. समोर येऊन सांगितलं हुतं लोकांनी. तुमी तर सांगितलं बी न्हाई. मी येडी, तीनदा मेल करून वाट बघत बसले." आणि मग, "बरं, आला का दबाव? झाला डीजे बंद?"

ओंकार काही बोलणार तेवढ्यात खिडकीची तावदानं थरथरली. मग टेबल. मग छातीचा पिंजरा. गल्लीच्या तोंडाशी गोरक्ष वर्पेचं 'वादळ' येऊन ठेपलं होतं. वरात होती. बोलणं शक्यच नव्हतं. सविताताईंचे ओठ हलताना दिसत होते, शब्द पोचत नव्हते.

रेश्मा मात्र खाता खाता थांबली. तिनं ओढणी बाजूला केली. तोंडावर हसू पसरलं. ती उठून खिडकीत गेली, गजांना धरून खाली वाकली आणि तालावर पाय आपटू लागली. बऱ्याच दिवसांत तिला स्पष्ट ऐकू आलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

वरात पुढं सरकली तसा ओंकार लॅपटॉपही न घेता, नुसता मोबाईल खिशात टाकून जिना उतरला. "चला ताई," म्हणाला.

दवाखान्याच्या दारात गोरक्षच भेटला. वरात पुढं धाडून तो मोटरसायकलला टेकून तंबाखू मळत उभा होता. ओंकारच्या मनात इतक्या महिन्यांचं साचलं होतं, ते बाहेर पडलं. "काय गोरक्षराव, तुमच्या संघटनेच्या मेल पोचत नाहीत, तरी धंदा जोरात?"

"कसली मेल?" गोरक्षनं खरंच न कळून विचारलं. "आवो, ती संघटना तर भांडनात कवाच फुटली. वेबसाईट बी तवाच बंद पडली. माझं समदं काम फोनवर हाय. तुमच्या मंचानं पेपरात नाव छापल्यापासून तर लई वाढलं. लोक म्हनत्यात, ज्याच्यावर निवेदन झालंय त्योच पायजे."

ओंकार वळला आणि मांडवाकडे चालू लागला. कंपनी, सर्व्हर, दोन-तीनशे घरं, ही पोरगी, हे सगळं त्यानं ज्या वेबसाइटपायी बंद केलं होतं, ती कधीच मेलेली होती. तो मढ्याला फाशी देत बसला होता.

मांडवात खुर्च्या भरल्या होत्या. संस्थेचे सभासद, पतसंस्थांचे संचालक, डॉक्टर, पुढच्या रांगेत पॅनेलचे उमेदवार. व्यासपीठाच्या पायरीशी ओंकारनं सरांना गाठलं.

"सर, या मुलीचं नाव वेळेत आलं होतं. आपण अडवलं. हिला आत घ्या."

सरांनी रेश्माच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात एकानं फोटो काढला. मग ते हळूच म्हणाले, "शिबिराला शिस्त असते, ओंकार. यादीत नाव नाही म्हणजे नाही. एकाला घेतलं की दहा येतात. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षापर्यंत हिचा कान जाईल."

"तू भावनेच्या भरात आहेस. आणि हे बघ, निकालापर्यंत ती यादी हलवू नकोस. चळवळीत कधी कधी मन घट्ट करावं लागतं."

स्वतःचा कान शाबूत असला की दुसऱ्याच्या कानाबाबत मन घट्ट करायला फारसं बळ लागत नाही, हे ओंकारला त्या क्षणी दिसलं. आणि सरांचंच नाही, आपलंही मन इतके दिवस तसंच घट्ट होतं, हेही दिसलं. ते जास्त टोचलं.

सर माइककडे गेले. "सुरुवातीला आपण नेहमीप्रमाणे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू."

सगळे उभे राहिले. "कोन गेलं?" मागून एक आवाज आला. मग सगळं शांत.

ओंकारनं मांडवाच्या खांबाला टेकून मोबाईल काढला. कोंडवाडा उघडला. भामट्यांची नावं तेवढी ठेवली, बाकी सगळ्यांवर बोट फिरवलं आणि दार मोकळं केलं.

आधी एक फोन टिंग झाला. दुसऱ्या रांगेत. लोकांनी वळून रागानं पाहिलं. मग त्या रागानं पाहणाऱ्याच्याच खिशात वाजलं. मग तिसऱ्या रांगेत तीन, चौथीत सहा, आणि मग सगळा मांडवच टिंगटिंगायला लागला, जसं काही गुरांचं खिल्लार घंटा वाजवत वेशीतून आत शिरतंय. आबासाहेब डोळे मिटून, हात जोडून उभे होते. त्यांच्या स्वतःच्या खिशातून टिंग आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

दोन मिनिटं कुणीच पाळली नाहीत. माणसं फोन काढून पाहू लागली.

"अरे, हा जाहीरनामा तर महिन्यापूर्वीचा!"

"सुतार म्हणतोय, टेबलांची ऑर्डर पक्की का नाही कळवा. मी म्हटलं हा माणूस बोलायचा का बंद झाला!"

"कविता," एक संचालक खचून म्हणाले. "चाळीसेक कविता आल्यात."

डॉक्टर दिघे फोनकडे पाहत व्यासपीठावरून खाली उतरले. "रेश्मा कोण? पाथर्डीची? हे तर मुदतीच्या आधी आलंय. आणि कागदही पूर्ण आहेत." त्यांनी सरांकडे पाहिलं नाही. ओंकारकडे मात्र पाहिलं, आणि त्यात काही कौतुक नव्हतं. "मुलीला आत घेऊन या. उपाशी आहे का ती?"

"माझा डबा खाल्लाय तिनं," ओंकार म्हणाला.

"मग आज राहील इथंच. उद्या सकाळी करू."

रेश्माचं ऑपरेशन झालं. सविताताई दोन दिवस दवाखान्यात राहिल्या, रात्रीला ओंकारच्या घरी. जयमालानं त्यांना साडी नेसवून पाठवलं. ओंकारशी त्या कामापुरतंच बोलल्या.

ओंकारनं यादीतल्या प्रत्येकाला स्वतःच्या नावानं लिहिलं, की तुमचं टपाल मी अडवलं होतं, अमुक कारणानं, आणि ते कारण चुकीचं होतं. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. ट्रॅव्हल्सवाल्यानं शिव्या दिल्या. महाजनांनी लिहिलं, 'महोदय, कळवल्याबद्दल आभार. आपला नम्र.' अभियंत्यांनी या घटनेवर कविता पाठवली.

एक पतसंस्था सोडून गेली, मग दुसरी, मग शिक्षण संस्था. ज्याच्या हातात आपलं टपाल आहे तो ते अडवू शकतो, हे लोकांना कळून चुकलं होतं. न सांगता अडवत होता तोवर ते त्याला राखणदार म्हणत. सांगून सोडलं, तर चोर ठरला. साखर कारखाना तेवढा राहिला, कारण तिथं हा विषय मीटिंगच्या अजेंड्यावर यायला वर्ष लागतं.

आणि निवडणूक? शांतता पॅनेल निवडून आलं. समोरच्यांचा जाहीरनामा अखेर सगळ्यांना पोचला होता, पण त्यात वाचण्याजोगं काही निघालं नाही. विजयी सभेत आबासाहेबांनी 'टपालाचं स्वातंत्र्य आणि आपली जबाबदारी' या विषयावर तासभर भाषण केलं. 'काही तथाकथित तंत्रज्ञ' असा त्यांनी दोनदा उल्लेख केला. सभेनंतर कार्यकर्त्यांनी मिरवणूक काढली. डीजे नव्हता. ढोल होते, चाळीस. ते भारतीय असल्यामुळे चालतात, असं सर म्हणाले.

दसऱ्याच्या आधी जयमालाला सुट्टी मिळाली तेव्हा ओंकार तिला घेऊन पाथर्डीला गेला. वसतिगृहाची मेल नीट करून द्यायची होती. माळरानावर दोन लांब खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. रेश्मा आता हळू आवाजात बोलत होती. तिनं जयमालाला तिकिटाचं मशिन कसं चालतं ते विचारून विचारून भंडावलं.

काम झाल्यावर सविताताईंनी चहा ठेवला आणि ओंकारजवळ येऊन बसल्या. पहिल्यांदाच त्या स्वतःहून बसल्या होत्या.

"साहेब, तो कारखाना अजून तुमच्याकडंच हाय ना? टपालाचा?"

"हो. आहे अजून."

"आमच्या गावचा एक मुकादम हाय. ऊसतोडीच्या टोळीत बारा-तेरा वर्साची पोरं धाडतो. वय खोटं लिवतो. या साली माझ्याकडच्या दोघी पोरी न्यायच्या म्हनतो. टोळीची नावं तो कारखान्याला मेलवरच धाडतो." त्या थांबल्या. "त्याचं टपाल पंधरा दिस अडवलं, तर दुसऱ्या मुकादमाचा करार हुईल. पोरी राहतील. तुमाला तर ते येतंय."

ओंकारचा हात मांडीवर होता. बोटं आपसूक हलली. एवढं सोपं होतं. आणि या वेळी कवळी नव्हती, पॅनेल नव्हतं, फोटोही नव्हता. समोर पडवीत दोन्ही पोरी बसलेल्या दिसत होत्या. जयमाला त्याच्याकडे पाहत होती.

"नाही ताई," तो म्हणाला. "मी तक्रार लिहून देतो. कामगार अधिकाऱ्याला, कारखान्याला, पोलिसाला. माझ्या सहीनं. बरोबर येतो. साक्षीला उभा राहतो. पण टपाल नाही अडवणार."

"तक्रारी मी धा केल्यात."

"माहीत आहे."

"डीजेसाठी अडवलं. पोरींसाठी न्हाई अडवत?"

उत्तर होतं ते त्याला तोंडानं सांगता येईना, आणि सांगितलं असतं तरी त्या दोघींच्या काही कामाचं नव्हतं. सविताताई उठल्या. चहा उतू चालला होता. तो त्यांनी गाळला, दोघांपुढं कप ठेवले, आणि कागद-पेन आणून ओंकारच्या शेजारी आपटलं.

"लिवा मंग अकरावी," त्या म्हणाल्या.

ओंकारनं चहा बाजूला सरकवला आणि लिहायला घेतलं. मुकादमाचं नाव विचारलं. गावाचं विचारलं. सविताताई तुटकपणे सांगत गेल्या. परतीची गाडी निघून गेली तरी तो लिहीतच होता.